मे महिना, हापूस आणि घसरलेला केक: पाण्याचा हिशेब कुठे चुकला

ऑर्डर साधीच होती. दीड किलोचा आंब्याचा केक, ८ इंची गोल, स्पंजचे तीन थर, मध्ये ताज्या हापूसच्या फोडी आणि क्रीम दुधाचंच. डालड्यासारखं टाळूला चिकटणारं नको, असं गिऱ्हाइकाने दोनदा बजावलेलं. ठाण्यात घरून ऑर्डरी घेणाऱ्या एका बेकरने तो मे महिन्यातल्या एका शनिवारी सकाळी भाजला, दुपारी दोनपर्यंत रचून सजवला आणि संध्याकाळी पाचला गाडीच्या मागच्या सीटवर ठेवून डोंबिवलीला रवाना केला. पोचायला तास लागला. बॉक्स उघडला तेव्हा मधला थर एका बाजूने बोटभर बाहेर आला होता, तिथल्या क्रीमला पोट सुटलं होतं आणि बोर्डवर पिवळं पाणी जमलं होतं. कापायला घेतल्यावर तुकडा उभा राहीना. तळाचा थर चमच्याने खायच्या लायकीचा झालेला, वरचा मात्र कोरडा.

सगळ्यांचं निदान एकच: उन्हाळा, आणि त्यात दुधाचं क्रीम. हे निदान अर्धंच खरं आहे. मे महिन्यात दुधाचं क्रीम जपावं लागतंच, पण हा केक क्रीममुळे गेला नाही. तो पाण्यामुळे गेला, आणि पाणी कुठून आलं ते केककडे नीट पाहिलं की कळतं.

केकवर काय दिसत होतं

वरच्या कडेला नोझलने काढलेली क्रीमची फुलं होती. तासाभराचा प्रवास होऊनही ती उभी होती, टोकं तेवढी जरा बोथट झालेली. क्रीमचा पॅक तोच, भांडं तेच, एकाच वेळी फेटलेलं. फरक इतकाच की आतल्या क्रीममध्ये आंब्याचा रस कालवला होता आणि फुलांच्या क्रीममध्ये नव्हता. गरमी बाहेरून आत शिरते. तिने क्रीम पाडलं असतं तर सगळ्यांत आधी ही फुलं बसली असती.

बोर्डवरचं पाणीही बोलकं होतं. क्रीम फुटून सुटलेलं पाणी दुधट, गढूळ असतं. हे आरपार दिसणारं पिवळं होतं आणि चवीला आंब्याचं सरबत. म्हणजे ते फळातून आणि सिरपमधून आलेलं.

घसरण सगळी एकाच बाजूला झाली होती, सीटच्या पाठीकडे. गाडीची मागची सीट बसणाऱ्याच्या सोयीसाठी पाठीकडे उतरती असते. त्या उतारावर केक तासभर तिरका बसला आणि प्रत्येक ब्रेकला थर थोडा थोडा सरकला. पण उतारावर सरकायलाही आधी थर सुटा असावा लागतो. मधला थर उचलून पाहिला तर त्याच्या खालच्या बाजूला क्रीम जवळपास नव्हतंच. फोडी क्रीमवर पसरल्या होत्या आणि त्यांच्यावर स्पंज थेट ठेवला होता. ओल्या, गुळगुळीत फोडींवर स्पंजला पकड कशी मिळणार?

उरला वरचा कोरडा थर. वरून सपाट दिसावं म्हणून टिनच्या तळाकडची चकती उलटी करून सगळ्यात वर ठेवली होती, त्यामुळे भाजलेली तपकिरी साल आकाशाकडे. सालीतून सिरप मुरत नाही. त्या थरावर ओतलेलं सिरप कडेने ओघळून खाली गेलं. वर कोरडं आणि खाली चिखल, या दोन्ही तक्रारींचं मूळ इथे आहे.

मापं आणि वेळा

स्पंज ५ अंड्यांचा, भाजून साधारण ४८० ग्रॅम. सिरप ८० ग्रॅम साखर आणि २०० मिली पाण्याचं, सगळंच्या सगळं वापरलेलं, तिन्ही थरांना समान. क्रीम ३५ टक्के फॅटचं, ५०० ग्रॅम. त्यातल्या ३०० ग्रॅममध्ये १५० ग्रॅम ताजा रस. फोडी ४०० ग्रॅम, सकाळी दहाला चिरलेल्या. आंबट निघायला नको म्हणून त्यांना दोन मोठे चमचे साखर लावून झाकून ठेवलं होतं. बाराला त्या भरल्या, वाटीतल्या सुटलेल्या रसासकट. स्पंज ओव्हनमधून निघून तासाभरात कापला, तेव्हा मध्यभागी तो अजून कोमट होता.

आता हिशेब मांडा. पिकलेल्या आंब्यात शंभरातले ऐंशी भाग आणि वर थोडं पाणीच असतं. फोडींमध्ये ३३० ग्रॅम, रसात १२० ग्रॅम, सिरपमध्ये २०० ग्रॅम. साडेसहाशे ग्रॅम पाणी एका ४८० ग्रॅमच्या स्पंजच्या आसपास नांदत होतं. अंड्याचा स्पंज आपल्या वजनाच्या साधारण तिसरा हिस्सा ओलावा सुखाने धरतो, म्हणजे १५० ते १६० ग्रॅम. तो कोटा एकट्या सिरपनेच संपवला.

फोडीतलं पाणी फोडीतच राहिलं असतं तर एवढा अनर्थ झाला नसता. पण कोशिंबिरीच्या काकडीला मीठ लावल्यावर जे होतं तेच आंब्याला साखर लावल्यावर होतं. साखर पेशीतलं पाणी बाहेर ओढते, फोड लिबलिबीत होते आणि वाटीच्या तळाशी रस साठतो. केकमध्ये गेल्यावरही हे थांबत नाही, कारण गोड क्रीम आणि सिरप तेच काम पुढे चालू ठेवतात.

रस कालवलेल्या क्रीमची गोष्ट वेगळी. फेटलेल्या क्रीममध्ये हवेच्या बुडबुड्यांभोवती फॅटच्या कणांची जाळी असते आणि तिच्यावर क्रीमचा कडकपणा उभा असतो. ३०० ग्रॅम क्रीममध्ये १५० ग्रॅम पातळ रस घातला की जाळी विरळ होते. इथे क्रीम सैल पडल्याचं बेकरच्या लक्षात आलं आणि तिने ते पुन्हा बीटरखाली घातलं. इथेच ते हातातून गेलं. दुधाचं क्रीम कडक होऊन गेल्यावर आणखी फेटलं की फॅटचे कण एकमेकांना चिकटून लोणी व्हायला लागतं आणि धरलेलं पाणी सोडतात. क्रीमला दाणेदार, किंचित पिवळसर रूप आलं की समजावं की मर्यादा ओलांडली. अशा वेळी चार-पाच चमचे थंड, न फेटलेलं क्रीम घालून हाताने हळूच ढवळलं तर ते कधी कधी सावरतं. रस घातलेलं क्रीम मात्र सावरत नाही, ते बाजूला काढलेलंच बरं.

कोमट स्पंजने राहिलेलं काम केलं. क्रीमचा स्पंजला टेकलेला पापुद्रा वितळला आणि पकड आणखी सुटली.

त्याच केकची दुरुस्त आवृत्ती

पुढच्या शनिवारी त्याच स्वयंपाकघरात तेवढाच केक नव्याने केला. भाजायचं काम मात्र शुक्रवारी संध्याकाळीच उरकलं.

स्पंजला अंडी मोजून घेण्यापेक्षा वजन करून घ्यावीत. आपल्या बाजारातलं अंडं कवचाशिवाय ४५ ते ४८ ग्रॅम भरतं, परदेशी पाककृतीतलं ‘लार्ज’ ५० च्या आसपास. २४० ग्रॅम अंड्याला १४० ग्रॅम बारीक साखर, १२० ग्रॅम मैदा, २० ग्रॅम कॉर्नफ्लोर, ३५ ग्रॅम वितळवलेलं बिनमिठाचं बटर, चिमूटभर मीठ, एक चमचा व्हॅनिला. बेकिंग पावडर नाही. फुगवायचं काम फेटलेल्या हवेचं, म्हणून पुढची दहा मिनिटं महत्त्वाची.

अंडी आणि साखर एका भांड्यात घेऊन ते उकळत्या पाण्याच्या वर, पाण्याला न टेकवता धरायचं आणि हलवत राहायचं. ४५ अंशांच्या आसपास मिश्रण बोटाला गरम लागतं आणि साखर चिमटीत जाणवत नाही. तिथे उतरवून हँड बीटरच्या जोरातल्या स्पीडवर ६ ते ८ मिनिटं, मग अगदी हळू स्पीडवर २ मिनिटं. ही शेवटची २ मिनिटं बरेच जण गाळतात. त्यांत मोठे बुडबुडे फुटून जाळी एकसारखी होते, आणि अशा स्पंजचे थर कापताना भोकं पडत नाहीत. बीटर उचलून धारेने ८ चा आकडा काढावा. तो दहा सेकंद वर दिसत राहिला की फेस तयार.

मैदा, कॉर्नफ्लोर आणि मीठ दोनदा चाळून, तीन वेळा करून, पसरट स्पॅच्युलाने तळापासून वर आणत मिसळायचं. बटर थेट ओतलं की जड असल्याने तळाला बसतं आणि भाजल्यावर खाली रबरासारखा पट्टा निघतो. म्हणून गरमसर बटरमध्ये आधी दोन डाव बॅटर कालवायचं आणि ते मिश्रण उरलेल्यात मुरवायचं. टिनच्या तळाला बटर पेपर, कडा कोऱ्या ठेवायच्या, म्हणजे स्पंजला वर चढायला आधार मिळतो. ओटीजीत (ओट्यावरच्या छोट्या विजेच्या ओव्हनमध्ये) वरचा-खालचा दोन्ही रॉड चालू, १७५ अंशांवर आधी तापवलेला, २८ ते ३२ मिनिटं. पहिली २० मिनिटं दार उघडायचं नाही. बाहेर काढल्याबरोबर टिन ओट्यावर अर्ध्या फुटावरून एकदा आपटावा. आतली वाफ निघून जाते आणि स्पंज मधून आत ओढला जात नाही. कडेने सुरी फिरवून जाळीवर उलटा गार करायचा आणि पूर्ण गार झाल्यावर क्लिंग फिल्ममध्ये गुंडाळून रात्रभर फ्रीजमध्ये. थंड स्पंजचे थर चुरा न होता कापले जातात. वरची आणि खालची तपकिरी साल दातेरी सुरीने काढून टाकायची. दीड-दोन मिलिमीटरचीच असते, पण ती गेल्यावर सिरप तिन्ही थरांत सारखं जातं.

आंब्याच्या निवडीत थोडा कंजूषपणा आणि थोडी उधळपट्टी दोन्ही लागतात. आमरसाला घेतो तसा मऊसूत हापूस फोडींना चालत नाही. देठाजवळ वास आलेला, पण दाबल्यावर अंगठा आत न जाणारा घ्यावा. हापूसमध्ये साका, म्हणजे गरातला पांढरट, स्पंजासारखा बिघडलेला भाग, निघायचा धोका असतोच. बाहेरून कळत नाही, म्हणून एक फळ हाताशी जास्तीचं ठेवावं. हापूस परवडत नसेल तर केशर फोडींना चांगला, गर घट्ट असतो. तोतापुरी चिरायला सोपा, पण चवीला त्याच्याकडून फार अपेक्षा नको.

आंबे आधी फ्रीजमध्ये थंड करून, भरायच्या अर्धा तास आधी ८ मिलिमीटरच्या चौकोनी फोडी केल्या. २८० ग्रॅम, साखर अजिबात नाही. चाळणीत १५ मिनिटं निथळल्या आणि टिश्यूवर टिपून घेतल्या. निथळलेला रस पिऊन टाकावा, केकमध्ये घालायचा मोह धरू नये.

रस क्रीममध्ये कच्चा न घालता आटवून घेतला. २०० ग्रॅम डब्यातला हापूसचा पल्प, त्यात गारच असताना कालवलेलं ८ ग्रॅम कॉर्नफ्लोर, एक चमचा लिंबाचा रस. मंद आचेवर सतत हलवत, बुडबुडे यायला लागल्यावर आणखी एक मिनिट. तोवर कॉर्नफ्लोर पूर्ण शिजत नाही, आणि अर्धकच्चं कॉर्नफ्लोर गार झाल्यावर पुन्हा पाणी सोडतं. १६० ग्रॅम उरलं की उतरवून, क्लिंग फिल्म थेट पृष्ठभागाला चिकटवून गार करायचं. डब्यातला पल्प बहुतेक वेळा गोड केलेला असतो, म्हणून वर साखर नाही. डब्यावरची यादी वाचून ठरवावं. ताजा हापूस यासाठी वापरू नये. शिजवला की त्याचा वास निम्मा उडतो आणि डझनाचा भाव आठवून वाईट वाटतं ते वेगळंच. वास ताज्या फोडींकडून घ्यायचा, दाटपणा डब्यातल्या पल्पकडून.

या १६० ग्रॅमपैकी ८० ग्रॅम फोडींना चोळलं. फोडी एकमेकींना धरून राहतात आणि सुटणारं थोडं पाणी हे आवरण अडवतं. उरलेलं ८० ग्रॅम क्रीमसाठी.

क्रीमबाबत गिऱ्हाइकाशी फोनवर बोलून घेतलं. तासाभराचा प्रवास, बाहेर ३४-३५ अंश. निव्वळ दुधाचं क्रीम पाठवायचं तर त्याला जिलेटिनचा (जनावरांच्या हाडा-कातड्यापासून काढलेल्या, गोठवणाऱ्या पदार्थाचा) आधार लागेल. ५०० ग्रॅमला ५ ग्रॅम जिलेटिन, २५ मिली थंड पाण्यात भिजवून, वितळवून, क्रीम मऊ फेटलं गेल्यावर बारीक धारेने. अंडं खाणारी पण जिलेटिन नको म्हणणारी घरं आपल्याकडे पुष्कळ, आणि हेही त्यांतलंच होतं. समुद्री शेवाळापासूनचं अगर-अगर इथे उपयोगी नाही, कारण ते चाळीस अंशांच्या खाली आलं की गोठायला लागतं आणि थंड क्रीमला लागल्याबरोबर त्याचे कण होतात. म्हणून ३३० ग्रॅम दुधाचं आणि १७० ग्रॅम नॉनडेअरी (वनस्पती तेलाचं, फेटायचं क्रीम) असं मिश्रण ठरलं. चव दुधाचीच राहते, उभं राहायचं बळ दुसऱ्याकडून येतं. नॉनडेअरी आधीच गोड असतं, त्यामुळे आयसिंग शुगर चमचा-दोन चमचेच पुरते.

नॉनडेअरी फ्रीजरमधून काढून फ्रीजच्या खालच्या कप्प्यात रात्रभर विरघळू द्यायचं, ओट्यावर नाही. भांडं आणि बीटरची पाती २० मिनिटं फ्रीजरमध्ये. आधी नॉनडेअरी मध्यम घट्ट फेटून मग थंडगार दुधाचं क्रीम धारेने घालत पुढे. दुधाचं क्रीम ७-८ अंशांच्या आत असावं. दहाच्या पुढे गेलं की फॅट मऊ पडतं, हवा धरत नाही आणि आपण आणखी फेटत बसतो. पाती उचलल्यावर टोक उभं राहून शेवटी किंचित वाकलं की थांबायचं. पसरवताना आणि पाइप करताना ते आपोआप आणखी घट्ट होतं. २२० ग्रॅम बाजूला काढून त्यात आटवलेला ८० ग्रॅम पल्प स्पॅच्युलाने, बीटरने नाही. उरलेलं २८० ग्रॅम बाहेरच्या आवरणाला, फोडींभोवती कडेने घालायच्या बांधाला आणि फुलांना.

एक पर्याय इथे नोंदवायला हरकत नाही: आतल्या क्रीममध्ये ६०-७० ग्रॅम रात्रभर टांगून पूर्ण निथळलेला चक्का. भरण घट्ट होतं आणि चव आम्रखंडाकडे झुकते. बाहेरच्या आवरणाला चक्का नको, गुळगुळीत फिनिश येत नाही.

रचना

सिरप या वेळी १३० मिलीच, आणि असमान: तळाला ३५, मध्याला ४०, वर ५५. पाणी खालीच उतरणार आहे, तर खालच्याला कमी द्यावं. ब्रशने टिपत लावायचं, कडेपासून सुरुवात करून, कारण कडाच आधी सुकतात.

प्रत्येक थराचा क्रम असा. सिरप लावलेल्या स्पंजवर आंब्याच्या क्रीमचा पातळ हात. त्यातलं फॅट स्पंज आणि फळ यांच्यामध्ये आडोसा धरतं. मग कडेने पायपिंग बॅगने साध्या क्रीमचा बोटभर जाड बांध. बांधाच्या आत फोडी, एका थराला १८० ग्रॅम, कडेपासून दीड सेंटीमीटर सोडून. त्यावर पुन्हा क्रीम, फोडींमधल्या फटी बुजेपर्यंत, आणि मगच पुढचा स्पंज. वरून सपाट ताट ठेवून तळहाताने हलका दाब द्यायचा आणि डोळे केकच्या पातळीला आणून एकदा फिरवून बघायचं. एका बाजूला उतार दिसला तर आत्ताच दुरुस्त होतो, नंतर क्रीमने तो झाकता येतो पण लपत नाही.

भोवती अ‍ॅसिटेटची (पारदर्शक, ताठ प्लास्टिकची) पट्टी गुंडाळून केक २ तास फ्रीजमध्ये. मग पट्टी काढून चुरा बांधून ठेवणारा पातळ पहिला हात, २० मिनिटं फ्रीज, मग शेवटचा हात आणि फुलं. वरच्या फोडी निघायच्या अर्धा तास आधी ठेवून त्यांच्यावर न्यूट्रल जेलचा (चमक देणाऱ्या बिनरंगी जेलचा) ब्रश फिरवला. आधीपासून ठेवल्या की सुकतात आणि क्रीमवर पिवळे ओघळ येतात.

बॉक्ससह केक आणखी २ तास थंड झाला आणि गाडीत पुढच्या सीटसमोर पाय ठेवायच्या जागेत, खाली घसरू न देणारी रबरी जाळी टाकून गेला. ती जागा गाडीत सगळ्यात सपाट आणि एसीच्या वाऱ्याजवळची. मांडीवर घेऊन बसणं प्रेमाचं असेल, पण मांडी तिरकी आणि गरम असते.

केक सरळ पोचला, बोर्ड कोरडा. एक उणीव राहिली: कापताना कडेच्या एक-दोन तुकड्यांतून फोडी निसटल्या, कारण चिरताना काही फोडी सव्वा सेंटीमीटरच्या झाल्या होत्या. एवढी मोठी फोड सुरीखाली कापली न जाता ढकलली जाते.

हाच केक एगलेस हवा असेल तर मिल्कमेडचा किंवा दह्याचा स्पंज मुळात ओलसर आणि नाजूक असतो. सिरप ९० मिलीच्या पुढे नेऊ नये, आणि तीन थरांऐवजी दोन जाड थर करावेत, तिसरा उचलतानाच मोडतो. फळ बदललं तर हिशेबही बदलतो. स्ट्रॉबेरी आंब्यापेक्षा जास्त पाणी सोडते, तिचे काप फक्त टिपून, भरायच्या क्षणी. ताजा अननस, किवी, पपई यांतली एन्झाइम्स प्रथिनं तोडतात. त्यामुळे जिलेटिन गोठत नाही आणि दुधाच्या क्रीममध्ये वेळ गेला की कडवटपणा येतो. डब्यातला किंवा साखरेत शिजवलेला अननस या बाबतीत निर्धोक.

वाढताना केक फ्रीजबाहेर दहा मिनिटंच. सुरी गरम पाण्यात बुडवून, पुसून, प्रत्येक कापाला. उरलेला केक झाकून फ्रीजमध्ये ठेवला तर दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत चांगला. त्यानंतर फोडींना आंबूस वास यायला लागतो.